‘३८ पैकी १’ आणि त्यानंतरचा ‘म्हणून’

गेल्या महिन्यात एका ज्युनिअरने तिच्या पीएच.डी.चा सिनॉप्सिस वाचायला पाठवला. पेट पास झाली आहे, मुलाखत तोंडावर आहे, विषय आहे ‘जिल्हा पातळीवरच्या व्यसनमुक्ती सेवा आणि सरकारी निधी’. विषय चांगला आहे, मेहनतही दिसत होती. पहिल्याच परिच्छेदात हे वाक्य होतं: ‘भारतात दारूवर अवलंबून असलेल्या ९७ टक्के लोकांना कोणताही उपचार मिळत नाही, म्हणून प्रत्येक जिल्ह्यात व्यसनमुक्ती केंद्रांची संख्या वाढवली पाहिजे.’

मी समासात फक्त एक शब्द लिहिला: ‘म्हणून?’

संध्याकाळी तिचा फोन. “दादा, आकडा चुकलाय का?” आकडा चुकला नव्हता. तो जिथून घेतलाय तो अहवालही देशातला या विषयावरचा सगळ्यात मोठा अहवाल आहे. अडचण स्वल्पविरामानंतरच्या त्या एका शब्दात होती. तिला फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून हा लेख. सिनॉप्सिस लिहिणाऱ्या प्रत्येकाला तो उपयोगी पडेल, कारण आपण सगळेच हे करतो: एखाद्या सरकारी अहवालातला दणदणीत आकडा पहिल्या ओळीत टाकायचा आणि त्याच्या जोरावर थेट धोरण सुचवून मोकळं व्हायचं.

या विषयात मी पूर्णपणे तटस्थ नाही हे आधीच सांगतो. माझा मामा गेली बारा वर्षं दारूशी झगडतोय. त्याची गोष्ट मध्येमध्ये येईल. ती पुरावा म्हणून धरू नका. आकडा वाचताना प्रश्न कुठून सुचतात, एवढंच दाखवण्यापुरती ती आहे.

अहवाल कोणता?

२०१९ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या सामाजिक न्याय व सक्षमीकरण मंत्रालयाने भारतातल्या अमली पदार्थांच्या सेवनाचं प्रमाण किती, याचा अहवाल प्रसिद्ध केला. सर्वेक्षण केलं दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने. व्याप्ती बघा: १८६ जिल्हे, २,००,१११ घरं, १० ते ७५ वयोगटातल्या ४,७३,५६९ लोकांच्या मुलाखती. याशिवाय बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या ७० हजारांहून जास्त लोकांच्या वेगळ्या मुलाखती, १३५ जिल्ह्यांत.

मुख्य निष्कर्ष थोडक्यात असे. या वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू पितात, म्हणजे सुमारे १६ कोटी. पुरुषांमध्ये हे प्रमाण २७.३ टक्के, बायकांमध्ये १.६ टक्के. यातल्या सुमारे ५.७ कोटी लोकांना मदतीची गरज आहे आणि त्यापैकी २.९ कोटी दारूवर अवलंबून आहेत. अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख, गांजा-भांग-चरसच्या बाबतीत ७२ लाख. आणि ज्या ओळीवरून हे सगळं सुरू झालं ती अशी: दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकाला कुठलातरी उपचार किंवा मदत मिळाली, १८० पैकी एकाला दाखल होऊन उपचार मिळाले. बेकायदा पदार्थांच्या बाबतीत २० पैकी एकाला काहीतरी मदत मिळाली.

एकावर एवढी मेहनत दुसऱ्या कुणी घेतलेली नाही. त्यामुळे पुढे जी टीका करणार आहे ती ‘सरकारी आकडे खोटेच असतात’ या जातीची नाही. तसं बोलणं सोपं असतं, आणि संशोधनात त्याचा काडीचाही उपयोग नसतो.

दोन पद्धती का लागल्या?

घरोघरी जाऊन विचारलं की दारूबद्दल लोक कमी-अधिक खरं सांगतात. पण हेरॉइनबद्दल? दारात अनोळखी माणूस, मागे आई उभी, आणि प्रश्न ‘तुम्ही गर्द घेता का?’ शिवाय फुटपाथवर, तुरुंगात, वसतिगृहात राहणारा माणूस ‘घर’ या यादीत येतच नाही. म्हणून अशा लपलेल्या समूहांसाठी वेगळी पद्धत वापरतात. सुरुवातीला काही मोजकी माणसं शोधायची, त्यांना कूपनं द्यायची, त्यांनी आपल्या ओळखीतल्या तशाच लोकांना आणायचं, त्या लोकांनी पुढच्यांना. साखळी पुरेशी लांब झाली की पहिल्या माणसांच्या निवडीचा पक्षपात कमी होतो, असा त्यामागचा सिद्धांत.

एवढ्याने संख्या कळत नाही, कारण साखळीत आलेले लोक एकूण किती जणांतले हे माहीत नसतं. तिथे गुणकाची पद्धत येते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा एका जिल्ह्यातल्या उपचार केंद्रांच्या नोंदवहीत वर्षभरात ३०० माणसं आहेत. साखळीतून भेटलेल्यांना विचारलं, ‘गेल्या वर्षी तुम्ही त्या केंद्रात गेला होता का?’ आणि २० पैकी एकाने हो म्हटलं. मग जिल्ह्यातली एकूण संख्या ३०० गुणिले २०, म्हणजे ६,०००.

हिशोब सुंदर आहे. पण इथे जरा थांबा. हा हिशोब ज्या नोंदवहीवर उभा आहे ती नोंदवही सरकारी किंवा संस्थेच्या केंद्राची आहे. जिथे केंद्र आहे, नोंदी नीट आहेत, तिथे अंदाज बरा येतो. जिथे केंद्रच नाही तिथे गुणायला हाताशी काही नाही. म्हणजे सेवा जिथे सगळ्यात तोकडी, तिथेच सेवेची गरज मोजायचं साधनही सगळ्यात दुबळं. हा दोष एम्सच्या चमूचा नाही, पद्धतीचाच आहे. पण निधीचा विचार करताना तो विसरून चालत नाही.

३८ पैकी १ म्हणजे नक्की काय?

आता मुख्य आकडा. ३८ पैकी १ म्हणजे २.६ टक्के. १०० मधून वजा केले की ९७.४. माझ्या ज्युनिअरचे ९७ टक्के इथून आले.

याच्या आधीचा एक मोठा अभ्यास आहे, बंगळुरूच्या निमहान्सने केलेलं २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण. त्यात मद्यसेवन विकारासाठी उपचारांची तफावत दिली आहे ८६.३ टक्के. तुम्ही म्हणाल, ९७ काय आणि ८६ काय, दोन्ही वाईटच. पण हाच आकडा उलटा करून बघा. एका अभ्यासानुसार उपचार मिळालेले २.६ टक्के, दुसऱ्यानुसार १३.७ टक्के. म्हणजे एकात ३८ पैकी एक, दुसऱ्यात साधारण सातापैकी एक. पाचपटीचा फरक आहे! दोन्ही देशाच्या अग्रगण्य संस्था, अभ्यासांमध्ये अंतर जेमतेम दोन-तीन वर्षांचं. मधल्या काळात देशातले चार-पंचमांश उपचार बंद पडले, असं तर काही झालेलं नाही.

मग फरक कुठला? छेदापासून सुरू करा. एम्सने जागतिक आरोग्य संघटनेची ‘असिस्ट’ ही प्रश्नावली वापरली आणि ३८ पैकी १ हा आकडा ‘अवलंबित्व’ असलेल्यांबद्दल, म्हणजे तीव्र गटाबद्दल आहे. निमहान्सने ‘मिनी’ ही निदान-मुलाखत वापरली आणि त्यांचा ‘विकार’ हा गट जास्त रुंद आहे, त्यात अवलंबित्वापर्यंत न पोचलेलेही येतात. आता गंमत बघा. रुंद गटात सौम्य त्रासाचे लोक जास्त, ते उपचाराकडे कमी वळतात, म्हणून निमहान्सचा उपचारांचा आकडा कमी यायला हवा होता. आलाय जास्त. म्हणजे व्याख्येच्या फरकाने तफावत सुटत नाही, उलट वाढते. कारण दुसरीकडे शोधायला हवं: ‘उपचार’ या शब्दात काय धरलं, कुठल्या काळाबद्दल विचारलं, नमुन्यात कोणती राज्यं होती. निमहान्सच्या त्या अभ्यासात १२ राज्यं होती आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. मराठीतल्या कितीतरी प्रबंधांत ८६ टक्क्यांचा आकडा ‘महाराष्ट्रातही’ म्हणून येतो, तेव्हा एवढी एक गोष्ट तपासून बघा.

इथे मला मामा आठवतो. पहिल्यांदा त्याने दारू सोडली ती माळ घालून. गावातल्या वारकरी मंडळींनी आळंदीला नेलं, माळ घातली, सात महिने टिकली. मग मामीने एसटी स्टँडवरच्या पत्रकावर बघून पुडी आणली, ‘रुग्णाच्या नकळत जेवणातून द्या’ वाली. त्या पुडीत काय होतं कुणालाच माहीत नाही. अशा पुड्यांत डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि माणूस त्यावर प्यायला तर जिवावर बेतू शकतं, हे तिला सांगणारं कुणी नव्हतं. त्यानंतर एका खासगी केंद्रात दोन वेळा, प्रत्येकी तीन महिने. दुसऱ्या वेळी मामीच्या पाटल्या गेल्या.

आता समजा सर्वेक्षणाचा माणूस मामाच्या दारात आला. माळ हा उपचार का? पुडी? खासगी केंद्रातले सहा महिने धरायचे, तर ते ‘मिळालेले उपचार’ ठरतात, कारण केंद्रातून सुटल्यावर पंधराव्या दिवशी तो प्यायला होता ही गोष्ट त्या रकान्यात बसतच नाही. एकच माणूस; प्रश्न कसा विचारला आणि कधी विचारला यावर तो अंशात येईल किंवा नाही. माझा आग्रह एवढाच: कुठलाही ‘उपचार-तफावतीचा’ आकडा उचलण्याआधी प्रश्नावलीच्या परिशिष्टात जाऊन मूळ प्रश्न वाचा. अर्धा तास जातो, आणि मुलाखतीत याच जागी विकेट पडते.

तफावत म्हणजे खाटांची टंचाई नव्हे

समजा आपण ३८ पैकी १ हा आकडा जसाच्या तसा मान्य केला. तरी ‘म्हणून केंद्रं वाढवा’ हे त्यातून निघतं का? उपचार न घेतलेल्या ३७ जणांमध्ये निदान चार वेगवेगळ्या प्रकारची माणसं आहेत. ज्याला आपल्याला त्रास आहे असं वाटतच नाही तो. ज्याला वाटतं, पण ‘लोक काय म्हणतील’ म्हणून जात नाही तो. ज्याला जायचंय, पण रोजंदारी बुडते आणि जिल्ह्याचं ठिकाण सत्तर किलोमीटरवर आहे तो. आणि जो गेला, पण तिथे डॉक्टर नव्हते किंवा खाट नव्हती तो. नवं केंद्र बांधून मदत होते ती चौथ्याला आणि थोडीफार तिसऱ्याला. पहिल्या दोघांसाठी पैसा वेगळ्या जागी लागतो. ३८ पैकी १ हा आकडा या चौघांना एकाच पोत्यात भरतो. सिनॉप्सिसमध्ये तुमचं काम ते पोतं सोडण्याचं आहे.

गंमत म्हणजे हे एम्सच्या लेखकांना पुरतं माहीत आहे. अहवालाच्या शिफारशी वाचा. भर दाखल करून घेण्यावर नाही. प्रशिक्षित माणसं, औषधं आणि देखरेख असलेल्या बाह्यरुग्ण सेवा वाढवण्यावर आहे. प्रतिबंधाबद्दल तर ते आणखी स्पष्ट आहेत. तरुणांमध्ये ‘जागृती’ करणं म्हणजेच प्रतिबंध ही समजूत चुकीची आहे आणि केवळ जागृतीच्या परिणामकारकतेचा पुरावा दुबळा आहे, असा त्यांचा सूर आहे. अमेरिकेत पोलिसांनी शाळाशाळांत चालवलेल्या ‘डेअर’ कार्यक्रमाचं १९९४ चं पुनर्विश्लेषण हेच सांगत होतं: मुलांची माहिती वाढली, अमली पदार्थांच्या सेवनावर परिणाम नगण्य.

पण अहवालातून उचलला गेला तो आकडा. शिफारशी तिथेच राहिल्या.

आकड्यापासून पैशापर्यंत

आता निधीकडे येऊ, कारण खरी अडचण इथेच आहे. केंद्राचा पैसा मुख्यतः सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय कृती आराखड्यातून येतो. त्यातून स्वयंसेवी संस्थांना अनुदान मिळतं आणि त्या एकात्मिक पुनर्वसन केंद्रं चालवतात. या केंद्रांची मोजणी खाटांवर होते. १५ खाटांचं केंद्र हा ओळखीचा नमुना. याखेरीज समवयस्कांमार्फत चालणारे उपक्रम आणि ड्रॉप-इन केंद्रं आहेत, सरकारी रुग्णालयांत एम्सच्या मार्गदर्शनाखाली उपचार सुविधाही सुरू झाल्या आहेत. आरोग्य मंत्रालयाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम वेगळा. दारूचा महसूल राज्याच्या उत्पादन शुल्क विभागाकडे येतो. पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर असल्याने राज्याच्या हातात राहिलेल्या मोजक्या मोठ्या उत्पन्नांपैकी ते एक. महाराष्ट्रात व्यसनमुक्तीच्या प्रचाराचं काम सामाजिक न्याय विभागाकडे. म्हणजे मिळकत एका खात्याची, प्रचार दुसऱ्याचा, उपचार तिसऱ्याचे. मामा मात्र एकच.

२०२० च्या १५ ऑगस्टला नशामुक्त भारत अभियान सुरू झालं, ते २७२ ‘सर्वाधिक संवेदनशील’ जिल्ह्यांत. हे जिल्हे निवडले गेले राष्ट्रीय सर्वेक्षणाचे निष्कर्ष आणि अमली पदार्थ नियंत्रण ब्युरोकडून आलेली माहिती यांच्या आधारावर. इथे साधी वजाबाकी करा. घरोघरचं सर्वेक्षण १८६ जिल्ह्यांत झालं होतं. २७२ वजा १८६, म्हणजे ८६. निवडलेल्या जिल्ह्यांपैकी किमान ८६ जिल्ह्यांत सर्वेक्षणाने एकाही घराचं दार वाजवलेलं नव्हतं. त्यातल्या काहींमध्ये कूपनवाली साखळी पोचली असेल, ब्युरोकडे जप्तीची माहिती असेल. पण जप्ती ही पोलीस किती आणि कुठे शोधतात याचीही मोजणी असते. आणि दारूच्या जप्तीचा प्रश्नच येत नाही, ती तर परवान्याच्या दुकानात मिळते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे जे १८६ जिल्हे नमुन्यात होते, त्यांचेही आकडे जिल्ह्यापुरते वापरता येत नाहीत. नमुना असा आखलेला होता की अंदाज राज्याच्या पातळीवर बसावेत. राज्याचा अंदाज बरा असतो म्हणून जिल्ह्याचाही बरा असेलच असं नाही. नमुना लहान झाला की त्रुटीची पट्टी एवढी रुंद होते की दोन जिल्ह्यांत फरक आहे की नाही हेच सांगता येत नाही. नंतर अभियान देशभर पसरलं, त्यामुळे २७२ ची यादी मागे पडली. पण पद्धतीचा प्रश्न तसाच आहे: पैसा जिल्ह्यात जातो आणि माहिती राज्यापाशी थांबते.

कायदासुद्धा जिल्ह्याच्याच भाषेत बोलतो. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक स्थितींचा समावेश आहे. कलम १८ सरकारी किंवा सरकारी निधीतल्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क देतं. ठरवून दिलेल्या किमान सेवा माणसाच्या जिल्ह्यात उपलब्ध नसतील तर त्याला जिल्ह्यातली दुसरी सेवा घेता येते आणि खर्च सरकारने सोसायचा, असंही त्यात आहे. मामीच्या पाटल्या मोडल्या तेव्हा हे कलम लागू होतं. आम्हाला माहीत नव्हतं. मी तेव्हा एम.एस्सी. करत होतो, संख्याशास्त्रात, आणि मलाही माहीत नव्हतं.

अभियानाच्या यशाची मोजणी कशी होते तेही बघा. सरकारी निवेदनांत कोट्यवधी लोकांपर्यंत पोचल्याचे, शपथा दिल्याचे आकडे असतात. शपथ मोजायला सोपी. सहा महिन्यांनी किती जण न पिता राहिले हे मोजायला फोन करावे लागतात, घरी जावं लागतं, त्यासाठी पगारी माणूस लागतो. ज्याची नोंद होते त्याला पैसा मिळतो. त्यामुळे खाट आणि शपथ यांना रकाना आहे, पाठपुराव्याला नाही.

मग पुरावा कशाच्या बाजूने आहे?

नुसती टीका करून थांबलो तर गाईड विचारतील, ‘बरं, मग तुझं काय?’ म्हणून शेजारच्या गोव्यातला एक अभ्यास सांगतो. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो छापून आला. ‘संगाथ’ या संस्थेच्या संशोधकांनी गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत अपायकारक मद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांवर यादृच्छिक चाचणी केली. एका गटाला नेहमीची सेवा थोडी सुधारून; दुसऱ्याला त्याबरोबरच समुपदेशनाची एक ते चार सत्रं, प्रत्येकी अर्धा-पाऊण तासाची. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. मानसिक आरोग्याचं कुठलंही पूर्वशिक्षण नसलेली, पण नीट प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती.

तीन महिन्यांनी त्रासाच्या पातळीतून बाहेर आलेले समुपदेशनाच्या गटात ३६ टक्के, दुसऱ्या गटात २६ टक्के. मागच्या १४ दिवसांत अजिबात न प्यायलेले ४२ टक्के विरुद्ध १८ टक्के. बारा महिन्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हाही फरक टिकून होता.

हे वाचून माझी ज्युनिअर लगेच म्हणाली, “म्हणजे प्रत्येक आरोग्य केंद्रात समुपदेशक!” पुन्हा तोच ‘म्हणून’. हा अभ्यासही त्याच कडक नजरेने वाचा. सहभागी फक्त पुरुष. ‘ऑडिट’ चाचणीत १२ ते १९ गुण असलेले, म्हणजे मधला गट. २० किंवा जास्त गुणांचे, संभाव्य अवलंबित्वाचे लोक या चाचणीत नव्हते. माझा मामा या अभ्यासात बसला नसता. जे पीत राहिले त्यांच्या रोजच्या पिण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मोजमाप लोकांनी स्वतः सांगितलेल्या माहितीवर, आणि आपल्याला समुपदेशन मिळालंय हे ज्याला मिळालं त्याला अर्थातच माहीत होतं.

तरीही हा अभ्यास निधीच्या चर्चेत ३८ पैकी १ पेक्षा जास्त कामाचा आहे, असं माझं मत आहे. कारण तो एका ठरावीक सेवेबद्दल, ठरावीक जागी, ठरावीक लोकांसाठी तुलना करून बोलतो. वरच्या चौघांपैकी पहिले दोघे, ज्यांना त्रास जाणवत नाही किंवा केंद्राची पायरी चढायची लाज वाटते, ते तापासाठी, खोकल्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात येतातच. तिथे त्यांना दहा प्रश्न विचारता येतात.

स्थानिक पैशाचे नमुने महाराष्ट्रातही आहेत. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं. त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा आधार होता, आणि जागा होती येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयाच्या आवारात. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तरीही २०१६ मध्ये तिथे ‘सर्च’, राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ हा जिल्हाव्यापी कार्यक्रम सुरू केला, गावांतल्या संघटनेपासून तालुक्याच्या उपचार क्लिनिकपर्यंत. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये उठली. बंदी हवी की नको यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिलं गेलं. त्या सहा वर्षांत चंद्रपुरातल्या अवलंबित माणसांना उपचार कुठे मिळत होते, त्यावर किती पैसा खर्च झाला, हा प्रश्न त्या वादात फार मागे राहिला. कुणी विषय शोधत असेल तर घ्या, माझ्याकडून भेट.

सिनॉप्सिसचं काय झालं?

आम्ही दोघांनी बसून ते वाक्य पुन्हा लिहिलं. ते आता असं आहे: ‘२०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ पैकी एकाला उपचार किंवा मदत मिळाल्याचं आढळतं. हा अंदाज जिल्हा पातळीवर लागू करता येत नाही आणि उपचार न मिळण्याची कारणं वेगळी करत नाही. प्रस्तुत अभ्यास दोन तालुक्यांत ही कारणं वेगळी करून, सध्याचा सरकारी निधी त्यांपैकी कोणत्या कारणांवर खर्च होतो हे तपासतो.’ वाक्य लांबलं, रुबाब गेला. पण आता त्यात करण्यासारखं काम दिसतं.

तिला तीन कामं सांगितली आहेत, तुम्हालाही सांगतो. एक, दोन्ही सर्वेक्षणांतले उपचारांबद्दलचे मूळ प्रश्न शेजारी शेजारी लिहून काढ. दोन, माहितीच्या अधिकारात जिल्ह्यातल्या अनुदानित केंद्रांचा पाच वर्षांचा मंजूर निधी, प्रत्यक्ष मिळालेला निधी आणि हप्ता मिळाल्याची तारीख माग. मंजूर आणि मिळालेला यांतलं अंतर हाच कदाचित तुझा एक शोधनिबंध असेल. तीन, केंद्रातून बाहेर पडलेल्यांचा सहा महिन्यांनंतरचा पाठपुरावा कोण करतं आणि त्या माणसाचा पगार कुठल्या शीर्षाखाली येतो, एवढं विचारून ये.

तिसरा प्रश्न माझा आहे, हे कबूल करतो. मामाला शेवटी ज्याचा उपयोग झाला ते होतं आमच्या भागातल्या एका सरकारी रुग्णालयात महिन्यातून एकदा येणारे मनोविकारतज्ज्ञ, तिथून मिळणाऱ्या गोळ्या, आणि दर गुरुवारी फोन करणारी एक समुपदेशक. मामा तिला ‘मॅडम’ म्हणायचा आणि बुधवारपासून तिच्या फोनची वाट बघायचा. अकरा महिने तो प्यायला नाही. मग तिचं कंत्राट संपलं, ते पुढे वाढलं नाही, फोन बंद झाले. तज्ज्ञ येतच होते, गोळ्याही मिळत होत्या. दिवाळीनंतर मामा पुन्हा प्यायला लागला. फोन थांबले म्हणूनच तो प्यायला असं मी म्हणणार नाही. वर एवढं लिहून झाल्यावर तो ‘म्हणून’ मला वापरता येणार नाही. पण त्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात ‘उपचार घेतलेले रुग्ण’ या रकान्यात मामा दोन्ही वर्षी असणार, एक म्हणून मोजलेला. समुपदेशकाची जागा अजून रिकामी आहे.

ज्युनिअरची मुलाखत पुढच्या सोमवारी आहे. झाली की काय काय विचारलं ते तिच्याकडूनच लिहून घेतो. प्रश्न असतील तर खाली टाका, जमेल तशी उत्तरं देईन.